घरच्या प्रार्थनेत वचन सांगायचंय? तयारी अशी करा

वास्को-म्हापशाकडे घरोघरी प्रार्थना असतात आणि ऐनवेळी कोणीतरी म्हणतं आज वचन (बायबलमधला संदेश) तुम्ही सांगा, मग धांदल. त्यापेक्षा आधीच बायबलमधलं एक छोटं पत्र धरा, पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र बेस्ट, चारच अध्याय, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. मग बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 16 उघडा, तिथे त्याच गावात जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया भेटते, आणि तुरुंगात मध्यरात्री गाणी म्हणणारे पौल नि सीला. पत्रसुद्धा पौल बंदिवासातूनच लिहितोय, तेव्हा 4:4 (चौथा अध्याय, चौथी ओवी) मधलं ‘आनंद करा’ वेगळंच लागतं. ज्या आईचा मुलगा बोटीवर आहे आणि फोन लागत नाहीये तिला 4:6-7 (चिंता करू नका, प्रार्थना करा) जरूर वाचून दाखवा, पण आधी तिचं ऐका, लगेच उपदेशाचा डोस नको हां. यूट्यूबवरचे मेसेज (प्रवचनं) तयारीत सगळ्यात शेवटी ऐका. आणि दहा मिनिटांत आटपा, लोकांना सकाळी ड्युटी असते.