पगार फौंड्रीचा, शेअरही फौंड्रीचेच: बेळगावच्या गुंतवणूकदारांनो, या चुका टाळा

बेळगावात बऱ्याच घरांचा हिशेब असा असतो: वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत, मुलगा हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, आणि डिमॅट खात्यात कास्टिंग, फोर्जिंग, ऑटो पार्ट्सचेच शेअर. जो धंदा कळतो तोच घेतला, असं कारण सांगतात. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली की इकडे ओव्हरटाइम बंद होतो आणि तिकडे शेअरही पडतो. पैशाची गरज लागते नेमकी तेव्हाच गुंतवणूक तोट्यात असते. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती अ‍ॅपवर दिसत नाही, कारण अ‍ॅपला तुमचा पगार ठाऊक नसतो.

म्हणून आधी कागद घ्या. पगार, उसाचं बिल, गाळ्याचं भाडं, ज्या वर्कशॉपच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात ते, सगळं शेअरच्या शेजारी लिहा. प्रत्येकासमोर लिहा, माल शेवटी कोणत्या देशात जातो. कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या हिशेबाच्या टिपांमध्ये देशातली आणि परदेशातली विक्री वेगळी दाखवलेली असते. एकाच ग्राहकाकडे दहा टक्के किंवा त्याहून जास्त विक्री असेल तर तेही सांगावं लागतं. एवढी दोन पानं वाचायला अर्धा तास पुरतो.

२०२५ आठवा. अमेरिकेने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवर मार्चमध्ये २५ टक्के शुल्क लावलं, जूनमध्ये ते ५० टक्के केलं. बऱ्याच भारतीय मालावर ७ ऑगस्टला २५ आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के शुल्क आलं. वाहनांच्या सुट्या भागांचा नियम मात्र वेगळा होता. ‘पन्नास टक्के’ ही बातमी ऐकून सगळंच विकणाऱ्याने आपल्या कंपनीचा माल कोणत्या यादीत येतो हे पाहिलेलंच नसतं. शुल्क ग्राहक सोसणार की कंपनी, हे तिमाही निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्या कॉलमध्ये विचारलं जातं. त्या कॉलचा लेखी वृत्तांत वाचून मग ठरवा.

आता ऊस. धोका फक्त वॉशिंग्टनहून येतो, ही समजूत आपल्या जिल्ह्यात तरी चालणार नाही. दिल्लीने १ जून २०२२ पासून साखर निर्यातीवर निर्बंध घातले, २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला परवानगीच दिली नाही, आणि ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आणली (नंतर ती शिथिल झाली). साखरेचे शेअर लगेच घसरले. ज्याच्या घरी पाच एकर ऊस आहे त्याने साखरेचे शेअर घेऊ नयेत, असं मी स्पष्ट सांगेन.

रुपया घसरला म्हणजे निर्यातदाराची चांदी, हेही अर्धसत्य आहे. कंपनीने डॉलरचा दर आधीच फॉरवर्डने (पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा दर आजच ठरवणाऱ्या कराराने) बांधला असेल, डॉलरमध्ये कर्ज काढलं असेल किंवा कच्चा माल आयात होत असेल, तर फायदा तिथेच जिरतो.

सगळा पैसा एकाच धंद्यात अडकू नये म्हणून काही जण परदेशी ईटीएफ (शेअरसारखे बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) घेतात. विचार बरोबर आहे, पण म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर मर्यादा असल्याने असे ईटीएफ कधीकधी बाजारात मूळ किमतीपेक्षा बरेच महाग मिळतात. खरेदीआधी एक्स्चेंजवरचा भाव आणि एनएव्ही (फंडाच्या एका युनिटमागच्या मालमत्तेची खरी किंमत) शेजारी ठेवून पाहा. परदेशी शेअर थेट घेतले असतील तर आयकर विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायलाच हवं, रक्कम लहान असली तरी.

आणि हे सगळं वाचून उद्या सकाळीच सगळे शेअर विकू नका. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या शेअर आणि इक्विटी फंडांवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के आहे. थोडे ३१ मार्चआधी आणि थोडे नंतर विकले, तर दोन वर्षांची सवलत वापरता येते.