कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला तर या चुका टाळा

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर कधीकधी गॅसने फुगतं आणि स्वतःभोवतीच फिरतं. अन्ननलिकेकडची आणि आतड्याकडची, दोन्ही वाटा बंद होतात. फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबतं, मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे परतत नाही आणि कुत्रं काही तासांतच शॉकमध्ये जातं, म्हणजे शरीराला पुरेसं रक्तच पोचत नाही.

पहिला घोळ फोनवरच होतो. मालक सांगतात, "उलट्या होताहेत." नीट बघा. उबळ येतेय, पण अन्न पडत नाही. फार तर पांढरा फेस किंवा लाळ. अशी कोरडी उबळ आणि सोबत बेचैन येरझाऱ्या दिसल्या की निघायचं. पोट फुगलेलं दिसायची वाट बघू नका, कारण सुरुवातीला जठर बरगड्यांआड लपलेलं असू शकतं.

इनो, ओव्याचं पाणी, गॅसची गोळी, काही म्हणजे काही पाजू नका. इनो चुकून आत गेलंच तर गॅस वाढेल. निघताना दवाखान्यात फोन करून विचारा, आत्ता एक्स-रे आणि ऑपरेशन दोन्ही होईल का? सकाळपर्यंत नुसतं सलाईन लावणार असतील तर दुसरीकडे जा.

सलाईन पुढच्या पायांत हवं. मागच्या पायातलं वर पोचतच नाही. एक्स-रे उजव्या कुशीवर. आणि तोंडातून नळी जठरात उतरली म्हणजे पीळ नाही, असं अजिबात समजू नका. गॅस निघाला की कुत्रं उठून शेपूटही हलवतं, मग घरचे म्हणतात, आता कशाला कापाकापी? इथेच कुत्री जातात. पीळ आत तसाच असतो आणि रक्त न मिळालेली जठराची भिंत सडत असते.

ऑपरेशनमध्ये जठर सरळ करतात, मेलेला भाग आणि गरज पडल्यास प्लीहा काढतात, मग जठर पोटाच्या उजव्या भिंतीला शिवतात. हे शिवणं टाळलं तर निम्म्याहून जास्त कुत्र्यांना पुन्हा पीळ पडतो. नंतरचे तीन दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डिस्चार्जची घाई नको.

ग्रेट डेन पाळणार असाल तर नसबंदीच्या वेळीच जठर शिवून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. दिवसाचं खाणं एकाच वेळी देऊ नका.