चोराशी बोलणी नकोत : आर्थिक फसवणुकीपासून स्वतःला कसं वाचवावं

घरात चोर शिरला तर आपण त्याला खुर्ची देत नाही की त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेत नाही. तोच चोर फोनवरून आला की मात्र आपण "हो सर, सांगा ना" म्हणतो. घर फोडलं गेलं तर आपण म्हणतो, "चोरी झाली." खातं रिकामं झालं तर म्हणतो, "मी फसलो." पहिल्या वाक्यात दोष चोराचा असतो, दुसऱ्यात तो आपण आपल्या अंगावर घेतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे उलटं वागणं सुलट करण्यासाठी आहेत.

पायरी १ : फोन ठेवा

भामट्याचा मजकूर रोज बदलतो. कधी पार्सल अडकलेलं असतं, कधी खातं बंद पडणार असतं, कधी तुमच्या नावावर गुन्हा नोंदलेला असतो. पण दोन वाक्यं बहुतेक वेळा येतातच : "फोन ठेवू नका" आणि "घरात कुणाला सांगू नका". यातलं एक जरी कानावर पडलं तरी फोन ठेवून द्या. कारण सांगू नका, माफीही मागू नका. समोरच्याचं बोलणं मधेच तोडायचं नाही, हा आपला संस्कारच त्याच्या कामी येतो.

स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं म्हणून बँकच बोलते आहे असं समजू नका. दिसणारा नंबर बनावट असू शकतो. फोन ठेवल्यावर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. आणि मुलाचा किंवा भावाचा रडवेला आवाज आला, तो पैसे मागत असला, तरी फोन कापून तुमच्याकडच्या त्याच्या नंबरवर फोन करा. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते. घरच्यांनी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर फारच बरं.

पायरी २ : किल्ल्या हातातून सोडू नका

ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. सही कुणी फोनवर मागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन टाका असं कुणी म्हणालं की तो चोर, एवढं पक्कं धरा. "मदतीसाठी" एखादं स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं तर अजिबात टाकू नका. त्यानंतर ओटीपी तुम्हाला विचारावा लागत नाही, तो त्यालाच दिसतो.

लिंक आली तर बँकेचं नाव पत्त्यात आहे का एवढंच पाहून चालत नाही, ते कुठेही घुसडता येतं. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघांनंतर (//) जी पहिली एकटी तिरकी रेघ (/) येते, तिच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो. कुलपाचं चिन्ह दिसलं तर मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोराच्या साइटलाही ते कुलूप असतं.

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि आलंच नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच सिम कंपनीला आणि बँकेला कळवा. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं.

पायरी ३ : परताव्याचं गणित विचारा

१९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा आणि ९० दिवसांत दुप्पट रक्कम देतो म्हणाला. पहिल्या लोकांना पैसे मिळालेही, पण ते नंतर आलेल्यांच्या खिशातले होते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफ या गुंतवणूकदारांचे पैसे सांभाळणाऱ्या माणसानेही नव्यांच्या पैशातून जुन्यांना दिलं, पण आमिष उलटं ठेवलं. त्याने अचाट नफा दाखवला नाही. बाजार वर असो की खाली, परतावा सारखाच. डिसेंबर २००८ मध्ये तो पकडला गेला आणि २००९ मध्ये त्याला १५० वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे फक्त हाव टाळून भागत नाही. कधीच न डगमगणाऱ्या परताव्याचाही संशय घ्यायला हवा.

आजच्या बनावट ट्रेडिंग ॲपवर वाढलेले आकडे नुसते रंगवलेले असतात. सुरुवातीला थोडी रक्कम काढू देतात, तेच आमिष. मोठी रक्कम काढायला गेलात की "आधी कर भरा" असं सांगतात. तिथेच थांबा. गेलेलं सोडवण्यासाठी आणखी एक पैसाही घालू नका.

पायरी ४ : पैसे गेले तर

पहिला फोन बँकेला. व्यवहार थांबवायला, खातं गोठवायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगेच सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवा. ही घाई रास्त आहे. चोरलेले पैसे एका खात्यात बसत नाहीत, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढेपुढे सरकत राहतात, आणि जोवर ते कुठल्यातरी खात्यात आहेत तोवरच अडवता येतात. म्हणूनच चोराला "पोलिसांत जातो" अशी धमकी देऊ नका; त्याने तो फक्त सावध होतो.

लाजेपोटी चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, खात्यावरचं नाव जपून ठेवा, आणि काय कसं घडलं ते त्याच दिवशी वेळेनुसार लिहून काढा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून.

काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" असा फोन येऊ शकतो. ती दुसरी चोरी असते. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

पायरी ५ : रक्कम छोटी असली तरी तक्रार करा

तुमची रक्कम किरकोळ असेल, पण तोच खाते क्रमांक दहा तक्रारींत आला की तपासाला धागा मिळतो. हे धंदे किती मोठे आहेत पाहा : संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं डांबून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जात असावी. फोनवर बोलणारा स्वतःच कैदी असू शकतो. त्याला शिव्या देण्यात वेळ घालवू नका, तक्रार करा. आणि कमिशनच्या बदल्यात स्वतःचं खातं कुणालाही वापरायला देऊ नका. तसं केलंत तर चोरीत तुमचाही हात लागतो.

पायरी ६ : घरच्यांना आजच सांगा

"एवढं शिकलास आणि फसलास कसा?" असं आपण सहज विचारतो. घरफोडी झालेल्याला असं कुणी विचारत नाही. या प्रश्नाच्या भीतीने माणसं गप्प बसतात, आणि पैसे अडवण्याचे मोलाचे तास हातचे जातात. आईवडिलांना, मुलांना आजच सांगा : "असं काही झालं तर आधी मला फोन करा. मी रागावणार नाही." आणि तो फोन आला की खरोखरच रागावू नका; बँकेचा नंबर लावायला घ्या.