श्वास रोखायचा नाही : खान्देशातून अ‍ॅडव्हान्स्ड स्कूबा शिकायला जाताना

मी भडगाव तालुक्यातली, गिरणाकाठची. पोहायला शिकले ती मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. दोराचं दुसरं टोक आबांच्या हातात असायचं. भोपळा सुटल्यावर आमचा एकच खेळ होता, बुडी मारून तळाचा दगड वर आणायचा. जो जास्त वेळ श्वास रोखेल तो मोठा. पुढे एम.एस्सी. प्राणिशास्त्राला जळगावला आले तेव्हा माझी समजूत अशी होती की पाण्याच्या बाबतीत आपल्याला आता फारसं शिकायचं उरलेलं नाही.

स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्याच्या, पहिल्याच तासाला ती समजूत गेली. पाण्याखाली टाकीतली हवा घेताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा तिथला पहिला नियम आहे. कारण साधं आहे. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. दहा मीटरवर फुफ्फुस भरून हवा घेतली आणि श्वास धरून वर आलात, तर पृष्ठभागापर्यंत ती हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसाला तेवढं फुगता येत नाही, ते फाटू शकतं. विहिरीत हा धोका नसतो, कारण तिथे आपण वरची हवा घेऊन खाली जातो आणि तीच घेऊन परत येतो. पण सवय दोन्हीकडे तीच असते. काही अडलं, दचकलो, की विहिरीत पोहलेला माणूस आधी श्वास धरतो. आपल्याकडची जी मुलं-मुली हे शिकायला जातील, त्यांना सगळ्यात जास्त मेहनत ही सवय मोडायला करावी लागेल.

आता अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या वर्गातही बराच गोंधळ होता. मालवणला जाऊन इन्स्ट्रक्टरने टाकी धरलेली असताना मासे बघणं, फोटो काढणं, हा छान अनुभव आहे, पण ते प्रमाणपत्र नव्हे. पहिलं खरं प्रमाणपत्र ओपन वॉटर. त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, लेखी परीक्षा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. ते मिळालं की बडीसोबत, म्हणजे जोडीदारासोबत, १८ मीटरपर्यंत जाता येतं. माझं ओपन वॉटर तारकर्लीला झालं. त्यापुढचं अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर. त्यात पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि होकायंत्र घेऊन दिशा शोधण्याची डाइव्ह या दोन सक्तीच्या, बाकी तीन आपण निवडायच्या. ते झालं की मर्यादा ३० मीटरवर जाते. हे पाडी या संस्थेच्या अभ्यासक्रमाचं सांगतेय. इतर संस्थांच्या आखणीत थोडा फरक असतो.

मी जागा निवडली नेत्राणी. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरपासून समुद्रात साधारण १९ किलोमीटरवर हे बेट आहे. अंदमानला विमानाचा खर्च झेपणारा नव्हता. नेत्राणीला मात्र आपल्याला रेल्वे आहे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, जळगाव करत कल्याणवरून कोकण रेल्वेला लागते. ती मडगावला सोडायची आणि तिथून मुरुडेश्वरला थांबणारी दुसरी गाडी पकडायची. हंगाम ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात सगळं बंद. आमच्या परीक्षा डिसेंबरमध्ये संपल्या आणि त्याच आठवड्यात मी निघाले.

निघताना आजी म्हणाली, "कसाले जाई रायनी वं माय? आपली गिरना काय कमी शे?" तिची भीती खरी होती. गिरणेने आमच्या गावातली माणसं नेलेली तिने पाहिली आहेत. तिला नुसतं 'काही होत नाही' सांगणं मला पटलं नाही. म्हणून तिला बसवून, टाकीत हवा किती असते, वर यायचं कधी ठरतं, सोबत कोण असतं, हे सगळं सांगितलं. तुमच्याही घरी हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर देता येईल इतकं आधी शिकून घ्या.

तयारीतली पहिली गोष्ट वैद्यकीय फॉर्म. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाचं दुखणं, अलीकडचं ऑपरेशन यांबद्दल प्रश्न असतात. अशा प्रश्नाला 'हो' उत्तर असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते, आणि ती जळगाव-धुळ्यातच घेऊन निघणं बरं. तिकडे पोहोचून धावपळ करण्यात दिवस जातो. फॉर्मवर खोटं लिहू नका. दम्याची गोष्ट लपवून २५ मीटरवर झटका आला, तर तिथे तुमच्यासोबत बडीचाही जीव अडकलेला असतो. मुली मला हमखास विचारतात म्हणून तेही लिहिते : पाळीच्या दिवसांत डाइव्ह करता येते. त्रास होत नसेल, बरं वाटत असेल तर हरकत नसते. मीही इन्स्ट्रक्टरला सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं.

फी केंद्रागणिक वेगळी असते. आकडा ऐकून लगेच तुलना करू नका. त्यात बोट धरली आहे का, अंगात घालायचा डाइव्हिंग सूट आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) यांचं भाडं धरलं आहे का, प्रमाणपत्राचं शुल्क वेगळं आहे का, आणि एखादी डाइव्ह अर्धवट राहिली तर ती पुन्हा करण्यासाठी वेगळे पैसे लागतात का, हे चार प्रश्न विचारा. मला शेवटचा प्रश्न फार उपयोगी पडला.

होकायंत्राची तयारी मी घरीच केली. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, फक्त हातातलं होकायंत्र दिसेल एवढाच, आणि मळ्यात चालायचं. उत्तरेला तीस पावलं, उजवीकडे वळून तीस, पुन्हा वळून तीस, पुन्हा तीस. निघालो तिथेच परत यायला हवं. पहिल्या दिवशी मी कपाशीत शिरले, चौथ्या दिवशी बांधावरच्या निंबापाशी बरोबर परतले. समुद्रात पावलांऐवजी फिन्सचे फटके मोजायचे, एवढाच फरक. त्या डाइव्हला मला अजिबात अडचण आली नाही.

अडचण आली तरंगण्याच्या डाइव्हला. तिला पीक परफॉर्मन्स बॉयन्सी म्हणतात आणि मी ती पहिली घेतली. तुम्हीही पहिली घ्या, कारण पुढच्या चारही डाइव्ह तिच्यावर उभ्या असतात. पाण्यात ना वर जायचं ना खाली, एका जागी लटकून राहायचं. हातपाय न हलवता. वर-खाली होणं फक्त श्वासाने. श्वास भरला की शरीर सावकाश वर येतं, सोडला की सावकाश खाली जातं. या 'सावकाश'मध्ये सगळी गोम आहे. श्वास घेतल्यावर एक-दोन क्षण काहीच होत नाही. नवखा माणूस घाबरून आणखी हवा घेतो आणि मग एकदम वर उसळतो. मी तीनदा उसळले. इन्स्ट्रक्टरने पाटीवर लिहून दाखवलं : 'आधी सोड, मग थांब.'

माझं वजनही जास्त होतं, म्हणजे कमरेच्या पट्ट्यातलं शिसं. खाली जाता येणार नाही या भीतीने मी एक तुकडा जास्त मागून घेतला होता. जास्त वजन घेतलं की ते सावरायला अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. ती हवा खोलीबरोबर आकसते आणि फुगते, मग सगळा वेळ बटणं दाबण्यात जातो. दुसऱ्या दिवशी दोन किलो कमी केले. त्या दिवशी प्रवाळाच्या खडकासमोर मी पहिल्यांदा स्थिर लटकले. खडकाच्या फटीतून मोरे ईल तोंड उघडझाप करत बघत होती. पुस्तकात तिचं चित्र मी कितीदा काढलं असेल, पण तोंडाची ती उघडझाप तिच्या श्वासासाठी असते हे तिथे समोर बसून पाहिलं. आम्ही दोघी आपापला श्वास घेत होतो. हा क्षण मला आयुष्यभर पुरेल.

खोल डाइव्ह तिसऱ्या दिवशी होती. आदल्या संध्याकाळी इन्स्ट्रक्टरने हवेचा हिशेब माझ्याकडून करून घेतला. टाकी ११ लिटरची, दाब २०० बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण). त्यातला ५० बार हात न लावता ठेवायचा. उरला १५०, म्हणजे १,६५० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागते असं धरलं, तर ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून ८० लिटर. साधारण वीस मिनिटांत संपते. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो, त्याच्या तक्त्यातही ३० मीटरला वीसच मिनिटं दिलेली आहेत. त्यापेक्षा जास्त थांबलो तर सरळ वर येता येत नाही, वाटेत थांबे घ्यावे लागतात, आणि ते आमच्या शिक्षणात बसत नाही. हा हिशेब वहीत स्वतःच्या हाताने करा. आकडे डोळ्यांसमोर असले की खाली गेल्यावर मोह कमी होतो.

आणि त्या दिवशी मी सहा मीटरवरूनच परत आले. कान. खाली उतरताना नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं असतं, दर मीटरला, दुखण्याआधी. मी खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह-संगणकाच्या आकड्यांकडे बघत राहिले आणि उशीर केला. उजवा कान असा दुखला की डोळ्यांत पाणी आलं. मी हात आडवा हलवून 'अडचण' दाखवलं, कानाकडे बोट केलं. एक मीटर वर येऊन पुन्हा प्रयत्न केला. मोकळा झाला नाही. मग अंगठा वर. स्कूबात अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'डाइव्ह संपली, वर चला.' धारवाडहून आलेला माझा बडी लगेच माझ्यासोबत वर निघाला. त्याचीही डाइव्ह गेली, त्याचेही पैसे गेले. बोटीवर मला फार वाईट वाटलं. तो म्हणाला, उद्या माझा कान दुखला तर तू वर येशीलच ना. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारायचा नाही, ही त्या लोकांची रीत आहे. मी तिचा मनापासून आदर करते. विहिरीच्या काठावर आम्ही भिणाऱ्याला चिडवायचो.

एक दिवस कानाला विश्रांती दिली. पाचव्या दिवशी २७ मीटरपर्यंत गेलो. धाकट्या बहिणीने मनगटाला बांधलेला लाल दोरा तिथे काळपट तपकिरी दिसत होता, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. टॉर्च मारला की तो पुन्हा लाल. मग पाटीवर वजाबाकीची गणितं. बोटीवर मला १४ सेकंद लागले होते, खाली २३. मला मात्र खाली आपण भराभर करतोय असंच वाटत होतं. दाबाखालच्या नायट्रोजनने असं होतं, त्याला नार्कोसिस म्हणतात. थोडं वर आलं की उतरतं, पण ते चढल्याचं आपल्याला कळत नाही हाच धोका. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. वरून बांगड्यासारख्या दिसणाऱ्या चांदीच्या माशांचा थवा जात होता.

बाकीच्या दोन डाइव्ह, मासे ओळखणे आणि बोटीवरून उतरण्याचं तंत्र, यांचं विशेष सांगण्यासारखं नाही. प्राणिशास्त्रवाल्यांनी पहिली जरूर घ्यावी. बोटीबद्दल एकच : बेटापर्यंत तासाहून जास्त लागतो आणि पोट ढवळतं. घरून आणलेली पूड-चटणी आणि शेव संध्याकाळी खा, सकाळी केळं आणि थोडी भाकरी पुरते.

आता पुढचं. माझ्या कॉलेजातली मुलं विचारतात, याने नोकरी मिळते का? नुसत्या अ‍ॅडव्हान्स्डवर नाही. यानंतर रेस्क्यू डायव्हर, मग डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना डाइव्हला घेऊन जाणारा. डाइव्हमास्टरला वय १८ पूर्ण, सुरू करताना ४० नोंदलेल्या डाइव्ह आणि संपवताना ६० लागतात. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला १००. पर्यटन केंद्रांवर काम तिथून सुरू होतं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळी वाट आहे. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, प्रवाळांवर संशोधन करणारे गट आहेत, आणि प्रवाळांची मोजणी करायला पाण्याखाली स्थिर लटकून लिहिता येणारा माणूस लागतो. मला तिकडेच जायचं आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. हे कार्ड हौशी डाइव्हिंगचं आहे. गिरणा, वाघूर किंवा हतनूरच्या गढूळ पाण्यात कोणी बुडालं आणि गावाने 'तू शिकून आलीस ना' म्हणून बोलावलं, तर टाकी लावून उतरू नका. हाताएवढं न दिसणारं पाणी, बुडालेल्या बाभळी, जाळी, धरणाच्या दारांची ओढ, यातलं काहीही आपल्याला शिकवलेलं नसतं. त्यासाठी धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, तिला लगेच कळवा.

परतीचं तिकीट काढताना घाई करू नका. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, हे सगळे सांगतात. घाटाचं कोणी सांगत नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, मग रक्तातला उरलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. आपली गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला सुमारे ६०० मीटरवर येते. मालवणहून संध्याकाळीच आंबोलीमार्गे गाडीने निघणारी मुलं तर दोन-तीन तासांत त्याहून वर असतात. मी शेवटच्या डाइव्हनंतर एक अख्खा दिवस मुरुडेश्वरला थांबले. सकाळी लॉगबुक भरलं, पाचही पानांवर इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का घेतला, अर्धवट राहिलेली सहा मीटरची डाइव्हसुद्धा शेवटच्या रकान्यात कारणासकट लिहिली. दुपारी आजीला फोन लावला. तिने विचारलं, श्वास कितला येळ धरना? मी म्हटलं, एकदाही नाही.