‘संशोधनावर आधारित’ वाचन कार्यक्रम घेताय? या चुका टाळा

कंपनीचा माणूस वाचन शिकवायचा संच विकायला शाळेत येतो, लॅपटॉप उघडतो आणि तिसऱ्याच स्लाइडवर ‘संशोधनावर आधारित’ असं ठळक अक्षरांत झळकतं. मुख्याध्यापक मान डोलावतात, संस्थाचालक किंमत विचारतात. संशोधन कसलं, हे विचारायचं राहूनच जातं.

‘आधारित’ हा शब्द फार लवचिक आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली पाच गोष्टींवर बोट ठेवलं: ध्वनींची जाण, अक्षर आणि ध्वनी यांचं नातं, वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती, आकलन. ही पाच नावं पुस्तिकेत छापली की कुठलाही संच ‘आधारित’ म्हणवून घेऊ शकतो. हाच संच वर्गात तपासला होता का, तो न मिळालेल्या मुलांशी तुलना केली का, निकाल कंपनीबाहेरच्या कुणी मोजले का, असं विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तराऐवजी समाधानी पालकांचा व्हिडिओ दाखवतात.

याहून मोठी चूक भाषेची. एका प्रात्यक्षिकात ‘कमळ’ असं शिकवलं: क्... अ... म्... अ... ळ्... दुसरीतली एक मुलगी बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिला सरळ क-म-ळ येत होतं! इंग्रजी संचाचं नुसतं भाषांतर केलं की असं होतं. आपल्या अक्षरात स्वर आधीच मुरलेला असतो, त्यामुळे मुलं अडतात ती भलत्याच ठिकाणी. ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी, पण ऐकू येते नंतर. ‘र’ तर बहुरूपीच: सूर्य, प्रकाश, ट्रक, तऱ्हा. त्यात अक्षरांची संख्याही मोठी. कन्नड मुलांच्या अभ्यासात सगळी अक्षरं पक्की व्हायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं आहे, आणि मराठीची लिपी त्याच घराण्यातली. तेव्हा ‘९० दिवसांत अस्खलित वाचन’ असं लिहिलेला संच दिसला, तर काना-मात्रा आणि जोडाक्षरांना त्यात किती आठवडे दिलेत ते पान उघडून मोजा. पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये लिरिल या भारतीय भाषांतल्या वाचन-लेखनावरच्या संशोधन प्रकल्पाने मुलांच्या वाचनाचा मागोवा घेतला होता. त्याबद्दल काही ठाऊक आहे का, हेही त्या माणसाला विचारायला हरकत नाही.

बरं, संच चांगला मिळाला. मग तो कपाटात जातो. ही चूक कंपनीची नाही, आपली. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची, मुलांना पातळीनुसार शिकवायची पद्धत बिहारमधल्या सरकारी शाळांत नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन राबवली, तेव्हा फारसा फरक पडला नाही. हरियाणात त्यासाठी रोज वेगळी तासिका राखली, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवलं, देखरेख ठेवली, तेव्हा भाषेत सुधारणा दिसली. त्याआधी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘प्रथम’च्याच बालसखी प्रयोगातही मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुणी, रोज सुमारे दोन तास शिकवत, आणि सर्वाधिक फायदा झाला तो तळाच्या मुलांचाच. म्हणून खरेदीच्या आधी वेळापत्रक पुढ्यात घ्या. चौथीचा गट तिसरीच्या खोलीत बसवायला बाई तयार आहेत का? नसतील, तर पैसे थांबवा.

संच सुरू होऊन सहा महिने झाले, वह्या भरल्या, तरी काही हलत नाही? आधी मुलं खरंच वाचतात का ते बघा. चित्र तळहाताने झाका. ‘आंबा’ असा खणखणीत आवाज एकदम विझला, तर पान तोंडपाठ आहे. मग संचाबाहेरचा चार ओळींचा उतारा द्या. मूल अक्षरालाच अडलं तर ते त्या पातळीच्या गटात हवं. अक्षर येतं पण ‘स्व’, ‘र्य’ला ठेचकाळत असेल, तर अक्षरांची उजळणी बंद करून जोडाक्षरं घ्या. आणि भराभर वाचूनही गोष्ट सांगता येत नसेल, तर घरी वारली किंवा भिली बोलतात का ते विचारा. अशा मुलाला आणखी तक्ते नकोत, रोज त्याच्याशी गप्पा मारणारं, मोठ्याने वाचून दाखवणारं कुणीतरी हवं.