खडबडीत की ओबडधोबड? आधी उलटा शब्द शोधा

काही वर्षांपूर्वी गाद्यांच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करताना मी 'गुठळीदार गादी' असं लिहून दिलं होतं. इंग्रजी मुळात 'लंपी' होतं, कोशात गुठळी सापडली, तिला 'दार' जोडून मोकळी झाले. ते तसंच छापून आलं. वाईला आईच्या हातात पडलं तेव्हा तिचा फोन. "अगं, गादी आहे का पिठलं? गादीत गोळे होतात."

तेव्हापासून उंचवटे, खाचा, गोळे सांगणाऱ्या शब्दांपाशी अडले की मी एकच युक्ती करते. वस्तू नीट असती तर तिला काय म्हटलं असतं, ते आधी ठरवायचं. उलटा शब्द हाताशी आला की हवा तो शब्द बहुतेक वेळा मागोमाग येतो.

'गुळगुळीत' आठवलं तर 'खडबडीत' लिहा. हा पृष्ठभागाचा शब्द. हात फिरवला की बोटं अडखळतात, ते खडबडीत: गिलावा न केलेली भिंत, कारल्याची साल, डांबर जाऊन खडी वर आलेला रस्ता. आमच्याकडे पाटा झिजला की आई म्हणायची, "गुळगुळीत झालाय, वाटण सरकतंय नुसतं." मग टाकीवाली यायची, छिन्नी-हातोडीने टकटक करत पाट्यावर बारीक खाचा पाडायची. पाटा पुन्हा खडबडीत. पहिल्यांदा त्यावर मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायचे, नाहीतर चटणीत कच येते.

'घडीव' आठवलं तर 'ओबडधोबड'. हा आकाराचा शब्द, आणि घोळ सगळा इथे होतो. कोकणातला जांभ्याचा चिरा घ्या. तो चौकोनी, कापून काढलेला, म्हणजे घडीव. पण अंगाला भोकंच भोकं, पाठ टेकली तर सदरा अडकेल. तो खडबडीत आहे, ओबडधोबड नाही. आता कृष्णेच्या पात्रातला गोटा घ्या. एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे चेपलेला, आकाराला काही धरबंध नाही, पण पाण्याने घासून गुळगुळीत. हा ओबडधोबड म्हणता येईल, खडबडीत नाही. चिरा आणि गोटा शेजारी ठेवून पाहिले की या दोन शब्दांची गल्लत परत होत नाही. माझी तरी झाली नाही.

माणसाला आणि भाषेला लावायचा तो ओबडधोबडच, कारण तिथेही घडवलेलं-न घडवलेलं हाच प्रश्न असतो. "बोलणं ओबडधोबड, पण मनाचा साफ" यात मला थोडी मायाही ऐकू येते. 'खडबडीत माणूस' कुणी म्हणत नाही. आवाज असेल तर खरखरीत.

'सपाट' आठवलं तर 'उंचसखल'. हा जमिनीचा, पायाला कळणारा. हल्ली बातम्यांत 'उबडखाबड जमीन' वाचते. तो हिंदीतला पाहुणा आहे, आणि त्याच्या जागी घाईने ओबडधोबड बसवू नका. नुसते नाद जुळतात. जमीन उंचसखल असते, वाट खाचखळग्यांची.

'मऊ' आठवलं तर 'खरखरीत' किंवा 'राठ': घोंगडी, भांडी घासून घासून झालेले तळहात. याचे कण खडबडीतपेक्षा बारीक, ते बोटं अडवत नाहीत, टोचतात.

आणि 'एकजीव' आठवलं तर? इथे मराठी विशेषण शोधत बसत नाही, सरळ नाम आणि क्रियापद वापरते. उकळत्या पाण्यात बेसन वैरताना हात थांबला की पिठल्यात गुठळ्या होतात. 'गुठळीदार पिठलं' स्वयंपाकघरात कुणी म्हणत नाही, "गुठळ्या झाल्यात गं" म्हणतात. गादीत गोळे, डोक्यावर टेंगूळ, सीताफळाला डोळे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गुरांना लंपीची साथ आली तेव्हा रोगाचं नाव इंग्रजी राहिलं, पण त्वचेवर आल्या त्या गाठीच. उंचवटा कशाचा आहे त्यावर नाम बदलतं. म्हणून विशेषण सापडत नसेल तर वाक्यच फिरवा. माझ्या पत्रकात 'या गादीत गोळे होत नाहीत' एवढं पुरलं असतं.

व्याकरण थोडंच. खडबडीत, ओबडधोबड, उंचसखल, खरखरीत यांना लिंग-वचनाचा त्रास नाही: खडबडीत रस्ता, खडबडीत भिंत, खडबडीत दगड, खडबडीत रस्त्यावरून. 'डी' दीर्घच, गरीबमधल्या 'री'सारखी. आणि 'खडबडून जागा झाला' याचा दगडाधोंड्यांशी संबंध जोडू नका. तिथली खडबड दचकण्याची, धांदलीची आहे. एका विद्यार्थिनीने 'तो खडबडीत जागा झाला' असं लिहिलं होतं. लाल शाई उचलली खरी, पण त्याची सकाळ कशी गेली असेल या विचाराने आधी हसूनच घेतलं.