शिंगटीच्या कल्ल्यावरचा कृमी नवी प्रजाती आहे का, हे कसं ठरवावं

माशांच्या कल्ल्यांवर मोनोजिनिया गटाचे चपटे कृमी राहतात, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे. यातल्या बऱ्याच प्रजाती एकाच जातीच्या माशावर जगतात. त्यामुळे ज्या माशाचे कल्ले कुणी नीट तपासलेले नाहीत, तिथे नवं सापडण्याची खरीच शक्यता असते. सुरुवात शिंगटीपासून, म्हणजे मिशांच्या गोड्या पाण्यातल्या माशापासून करा. तिच्यावर या कृमींचे कॉर्न्युडिस्कॉइडीस, थॅपॅरोक्लीडस असे वंश मिळतात.

दसऱ्यानंतर नदीचं पाणी निवळलं की, भरती पोहोचत नाही अशा वरच्या पट्ट्यातून जिवंत मासे घ्या. बर्फातला मासा नको. मासा मेला की कृमी सुटतात आणि लगेच कुजू लागतात. प्रत्येक मासा त्याच नदीच्या पाण्यात, वेगळ्या पिशवीत ठेवा. एका बादलीत तीन जाती कोंबल्या तर कृमी इकडून तिकडे जातात आणि यजमानाची, म्हणजे कृमी ज्या माशावर राहतो त्याची, नोंदच चुकते. माशाचा फोटो, परांचा तुकडा अल्कोहोलमध्ये आणि एक अख्खा मासाही जपा. मासाच चुकीचा ओळखला तर पुढचं सगळं काम वाया जातं.

डोक्यामागे मणका झटक्यात तोडून मासा मारा. डाव्या-उजव्या बाजूच्या चार-चार कमानी वेगवेगळ्या पेट्री डिशमध्ये काढा आणि 20 ते 40 पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जळूसारखा लांबणारा-आखडणारा, बहुधा चार काळे डोळेठिपके असलेला जीव दिसला की बारीक सुईने सोडवा. कोणत्या कमानीवर होता तेही लिहा.

आता कृमींचे तीन वाटे करा. काही कृमी न दाबता गरम फॉर्मलीनमध्ये (बाटलीतलं 1 भाग, पाणी 9 भाग) मारून पुढे कार्मिन या लाल रंगाने रंगवा. आतले मऊ अवयव यांच्यातच कळतात. काही कव्हरस्लिपखाली ठेवून टिपकागदाने पाणी ओढा. कृमी चपटा झाला की कडेने अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीनचा थेंब सोडा. यांच्यात कठीण भाग स्पष्ट दिसतात. कोरडं पिक्रेट स्फोटक असतं, म्हणून बाटलीच्या झाकणावर ते कधीही वाळू देऊ नका. उरलेल्यांची, माशाला चिकटून राहायची मागची चकती कापून स्लाइडवर घ्या आणि बाकीचं शरीर डीएनएसाठी 96 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मलीनमधला नमुना डीएनएला जवळपास निरुपयोगी.

निर्णय कठीण भागांवर होतो: मागच्या चकतीचे गळासारखे मोठे आकडे, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, कडेचे 14 बारीक हुक, आणि सर्वांत महत्त्वाचा, या उभयलिंगी कृमीचा नर मैथुन अवयव. 100 पट ऑइल लेन्सखाली, मायक्रोमीटरची पट्टी तपासून, शक्यतो 15-20 कृमी मोजा. एकावरून प्रजाती ठरवू नका. जास्त दाबलेल्या स्लाइडवर आकडे कलतात, मैथुननळी वाकडी पडते, आणि हा फरक खरा आहे असं वाटू लागतं. थंडीतल्या कृमींचे आकडे उन्हाळ्यातल्यांपेक्षा मोठेही असू शकतात. म्हणून आकारमानापेक्षा आकृतीवर भर द्या.

त्या वंशाच्या प्रत्येक जुन्या वर्णनाशी तुलना करा. चित्र संशयास्पद असेल तर मूळ नमुना मागवून पाहा. नाव देताना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना, निवडून तो कुठे ठेवला हे लिहावंच लागतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यासाठी योग्य जागा. आणि नमुने कोकणातल्या वाशिष्ठी नदीतले असतील तर 'फक्त याच नदीत' असं लिहायची घाई नको. कोयना प्रकल्पाचं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत उतरतं, तेव्हा घाटावरच्या कोयनेतलीही शिंगटी आधी तपासा.